रुग्णाच्या उशाशीं
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या दिवसांत मंदिराची उभारणी, शाळेची वाढ आणि पूर्वजांची श्रद्धा यांविषयीं बोलावयास अनेक थोर वक्ते आहेत. आम्हां परिचारिकांकडे सोंपविलेलें काम याहून लहान व घरगुती आहे. घरांत कोणी आजारी पडलें असतां त्यास औषध कसें द्यावें व त्याची निगा कशी राखावी, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे. विषय साधा आहे; परंतु साध्या वाटणाऱ्या कामांतच माणसें बेसावध होतात, आणि रुग्णाच्या खोलींत बेसावधपणाचें मोल फार मोठें पडतें.

आजकाल रोगी रुग्णालयांतून लवकर घरीं येतो. शस्त्रक्रिया होऊन चार दिवस होतात न होतात तोंच कागदांची व औषधांची एक पिशवी हातांत देऊन त्यास निरोप मिळतो. रुग्णालयांत जें काम शिकलेल्या परिचारिका तीन पाळ्यांमध्यें, नोंदी ठेवून करीत असतात, तेंच काम घरीं एकट्या सुनेच्या किंवा अविवाहित मुलीच्या अंगावर येऊन पडतें. मुलगा सकाळच्या गाडीनें मुंबईस जातो, नातवंडें शाळेंत जातात, शेजारीण येते ती आपल्या सवडीनें. डॉक्टरांचें निदान बरोबर असतें, औषधहि उत्तम असतें. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून रोग्याच्या तोंडापर्यंत जी शेवटची वाट आहे, तिच्यावर पहारा कोणाचाच नसतो. आमचें आजचें सांगणें या शेवटच्या वाटेसंबंधीं आहे. माया असली म्हणजे शुश्रूषा आपोआप नीट होते असें नाहीं; मायेला वाचण्याची, विचारण्याची आणि लिहून ठेवण्याची जोड द्यावी लागते.

हा विचार आमच्या पदरचा नाहीं. संत कमिलस दि लेलिस (१५५०–१६१४) यांच्या पायाला आयुष्यभर न भरून येणारी जखम होती. रोममधील सान जाकोमोच्या रुग्णालयांत ते स्वतः रोगी म्हणून राहिले, आणि पुढें तेथेंच त्यांनीं रोग्यांची सेवा केली. पगारी नोकरांच्या हातून रोग्यांची कशी हेळसांड होते हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. त्यांनीं सेवाभावी सोबती जमविले, त्यांच्या झग्यावर तांबडा क्रूस आला. परंतु केवळ सेवाभावावर ते विसंबले नाहींत. रोग्यांची सेवा कशी करावी याचे नियम त्यांनीं लिहून काढले. १९३० सालीं पोप अकरावे पायस यांनीं त्यांना परिचारिकांचे आश्रयदाते संत ठरविलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं शुश्रूषेवर जें प्रसिद्ध पुस्तक लिहिलें, त्यांत एक सबंध प्रकरण केवळ या एका गोष्टीस दिलें आहे, कीं शुश्रूषा करणारी व्यक्ति खोलींत नसतांनाहि काम बिघडूं नये अशी व्यवस्था असावी. आणि आपल्या काळांत, २०१७ सालीं, जागतिक आरोग्य संघटनेनें औषधांच्या चुकांमुळें होणारी टाळतां येण्यासारखी गंभीर इजा पांच वर्षांत निम्म्यावर आणण्याचें आवाहन सर्व देशांना केलें. संत, परिचारिका आणि जगाची संघटना या तिघांनींहि नियम व व्यवस्था यांवरच भर दिला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. परिचारिकेला शिक्षणाच्या आरंभींच पांच प्रश्न शिकवितात. रोगी तोच आहे काय? औषध तेंच आहे काय? माप बरोबर आहे काय? देण्याचा मार्ग कोणता? वेळ कोणती? हे प्रश्न प्रत्येक वेळीं, प्रत्येक गोळीस विचारावयाचे असतात; काल विचारले म्हणून आज सुटका नाहीं.

रोगी तोच आहे काय, हा प्रश्न घरांत हास्यास्पद वाटेल. परंतु आजोबा व आजी या दोघांचींहि औषधें एकाच डब्यांत असलीं, आणि रात्रीं दिवे गेलेले असले, म्हणजे त्याचा अर्थ कळतो. प्रत्येकाचा डबा निराळा असावा व त्यावर ठळक अक्षरांत नांव असावें. औषध ओळखतांना रंगावर व आकारावर विसंबूं नये. एकच औषध दोन कंपन्यांचें दोन रंगांचें असतें, आणि दोन भिन्न औषधांच्या गोळ्या एकसारख्या पांढऱ्या दिसतात. म्हणून गोळी तिच्या मूळ पाकिटांतच ठेवावी, आणि नांव व मुदतीची तारीख असलेला भाग शेवटपर्यंत राहील अशा बेतानें पाकीट कापावें. चष्मा लावून, उजेडांत, नांव वाचावें. ज्या पाकिटावर तांबडी उभी रेघ आहे तें औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यावयाचें नसतें. शेजाऱ्यांना गुण आला म्हणून तें आपल्या रोग्यास देऊं नये.

मापासंबंधीं एवढेंच सांगतों, कीं स्वयंपाकघरांतील चमचा हें माप नव्हे. औषधाचा चहाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर. आपल्या घरांतील चमचे कोणी लहान, कोणी मोठे. बाटलीबरोबर मिळालेलें झांकण किंवा मापाची नळी वापरावी. मुलांचें माप वजनावर ठरतें, म्हणून थोरल्याचें उरलेलें औषध धाकट्यास अंदाजानें देणें धोक्याचें आहे. मार्गाचा प्रश्नहि तितकाच महत्त्वाचा. कानांत घालावयाचे थेंब डोळ्यांत पडलेले आहेत; वाफेच्या यंत्रांतून हुंगावयाचें औषध प्यायलें गेलेलें आहे. छातींत दुखूं लागल्यावर जिभेखालीं ठेवण्यास सांगितलेली गोळी गिळली तर तिचा गुण लवकर येत नाहीं. वेळेविषयीं, जेवणापूर्वीं कीं जेवणानंतर, हें डॉक्टरांस किंवा औषध विकणाऱ्यास विचारून पाकिटावरच लिहून घ्यावें. थायरॉइडची गोळी, उदाहरणार्थ, सकाळीं अनशापोटीं घ्यावयाची असते. न्याहारीबरोबर घेतली तर ती पुरती शोषली जात नाहीं.

या पांच प्रश्नांत कोठें चूक झाली असतां प्राणावर बेततें, याचीं चार उदाहरणें देतों.

पहिलें मेथोट्रेक्सेटचें. संधिवातासाठीं हें औषध आठवड्यांतून एकदांच दिलें जातें. गोळी म्हटली कीं ती रोजची, अशी आपल्या मनाची सवय; त्या सवयीनें ही गोळी रोज दिली गेली तर तोंड येतें, रक्त तयार होण्याची क्रिया खुंटते, आणि अशा चुकीनें जगांत अनेक देशांत माणसें दगावलीं आहेत. ज्या घरांत ही गोळी आहे तेथें आठवड्याचा वार ठरवून तो पाकिटावर तांबड्या शाईनें लिहावा.

दुसरें इन्सुलीनचें. आपल्या देशांत बाटलींतील इन्सुलीन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असें असतें, तर पेनमधील इन्सुलीन १०० युनिटचें असतें. कांहीं बाटल्याहि १०० च्या मिळतात. सिरिंजहि दोन प्रकारच्या असतात: ४० ची तांबड्या टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० चें इन्सुलीन ४० च्या सिरिंजनें भरलें, तर दहाच्या रेघेपर्यंत घेतलेलें औषध प्रत्यक्षांत पंचवीस युनिट होतें. बाटलीवरचा आंकडा व सिरिंजवरचा आंकडा एकच आहे हें पाहिल्याशिवाय सुई टोंचूं नये. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांच्या थंडाव्यांत ठेवाव्या; बर्फाच्या कप्प्यांत मात्र ठेवूं नयेत, कारण गोठलेलें इन्सुलीन टाकूनच द्यावें लागतें.

तिसरें पॅरासिटामॉलचें. हें औषध इतकें परिचयाचें आहे कीं तें कोणास औषधच वाटत नाहीं. निरोगी प्रौढ माणसास चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही अखेरची मर्यादा आहे. कृश, वृद्ध, यकृताचा विकार असलेल्या किंवा मद्य घेणाऱ्या माणसाची मर्यादा याहून कमी. परंतु सर्दीच्या, अंगदुखीच्या व तापाच्या अनेक मिश्र औषधांत हेंच द्रव्य निराळ्या नांवाखालीं असतें. तापाची गोळी आईनें दिली, सर्दीची गोळी वडिलांनीं दिली, आणि दोघांसहि ठाऊक नाहीं कीं दोघांनीं एकच औषध दिलें; अशा रीतीनें यकृताला इजा होते.

चौथें गोळी कुटण्याचें. रोग्यास गिळवत नाहीं म्हणून आपण प्रेमानें गोळी कुटून मधांत देतों. पुष्कळ गोळ्या कुटल्या तरी चालतात. परंतु ज्या गोळीचें औषध दिवसभर हळूहळू सुटावें अशी तिची घडण असते, ती कुटली असतां दिवसाचें औषध एकदम अंगांत जातें. पोटास त्रास होऊं नये म्हणून जिच्यावर खास लेप दिलेला असतो तिचा तो लेपहि कुटल्यानें नाहींसा होतो. म्हणून कुटण्यापूर्वीं विचारावें. बहुतेक वेळां त्याच औषधाचें पातळ रूप किंवा दुसरा पर्याय मिळतो.

आतां लिहिण्याविषयीं. प्रत्येक घरांत रुग्णासाठीं चार आण्यांची कां होईना पण एक वही असावी, असें पूर्वीं म्हणत. आज दहा रुपयांची असावी असें आम्ही म्हणतों. पहिल्या पानावर रोग्याचें नांव, त्याचे आजार, त्यास न सोसणारीं औषधें आणि डॉक्टरांचा नंबर. पुढें प्रत्येक दिवसाचें एक पान: तारीख, वेळ, औषध, माप, आणि देणाऱ्याचें नांव. नोंद औषध गिळल्यावर करावी. हातांत गोळी घेऊन आधींच खूण करूं नये, कारण तेवढ्यांत दारावर कोणी आलें तर गोळी वाटींत राहते आणि वही सांगते कीं दिली. एखादी मात्रा चुकली तर पुढल्या वेळीं दुप्पट देऊन भरपाई करूं नये. काय करावें तें विचारावें. दुपारीं शेजारीण बसली, संध्याकाळीं मुलगा आला, रात्रीं सून उठली, तरी वही एकच. हात बदलले तरी सेवा तुटूं नये, हेंच त्या वहीचें काम. डॉक्टरांकडे जातांना औषधांच्या पिशवीबरोबर वहीहि न्यावी. जुनीं औषधें चालू ठेवावयाचीं कीं बंद करावयाचीं, हें एकेका नांवावर बोट ठेवून विचारावें. असें विचारण्यांत डॉक्टरांचा अवमान होत नाहीं.

रोगी औषध नको म्हणाला तर? त्यास दटावूं नये, आणि न सांगतां भाजींत कालवूंहि नये. नको म्हणण्यास बहुधा कारण असतें: गोळी घशाशीं अडकते, मळमळतें, किंवा आपल्यामुळें घरचा पैसा जातो असें त्याच्या मनास लागलेलें असतें. कारण विचारावें व डॉक्टरांच्या कानावर घालावें. अंगावर पुरळ उठलें, चेहरा किंवा ओठ सुजले, श्वास लागला, अथवा रोगी एकाएकीं फार झोंपाळू झाला, तर पुढची मात्रा देण्यापूर्वीं थांबून डॉक्टरांस विचारावें. श्वास लागला असल्यास वाट न पाहतां १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

येथें आपल्या धर्माचरणाशीं संबंधित एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्ही कर्तव्य समजतों. उपवासाच्या दिवशीं कित्येक वडीलधारीं माणसें औषधहि घेत नाहींत, किंवा याच्या उलट, अन्न न घेतां मधुमेहाची गोळी व इन्सुलीन मात्र घेतात. दोन्ही धोक्याचें आहे. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्याप्रमाणें प्रभुशरीर घेण्यापूर्वींच्या एक तासाच्या उपवासास पाणी व औषध यांनीं बाध येत नाहीं. वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना तर तो उपवास बंधनकारकच नाहीं. प्रायश्चित्तकाळांतील उपवासाचें बंधनहि वयाची एकोणसाठ वर्षें पूर्ण झाल्यावर राहत नाहीं. तेव्हां औषध घेतलें म्हणून मनास टोंचणी लावून घेऊं नये; शंका असल्यास धर्मगुरूंस विचारावें. मधुमेहाच्या रोग्यास घाम सुटला, हात कांपूं लागले, बोलणें असंबद्ध झालें, तर रक्तांतील साखर उतरली असें समजावें. तो शुद्धीवर असल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यांत द्यावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें. शुद्धीवर नसल्यास तोंडांत कांहींहि घालूं नये. कुशीवर निजवून १०८ ला बोलवावें.

औषधाइतकीच निगाहि महत्त्वाची आहे. तिचा आरंभ हातांपासून होतो. व्हिएन्ना येथें १८४७ सालीं डॉक्टर सेमेल्वाइस यांनीं प्रसूतिगृहांतील डॉक्टरांस हात धुवावयास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यु झपाट्यानें कमी झाले. तो धडा अजून जुना झालेला नाहीं. रोग्यास हात लावण्यापूर्वीं व नंतर, साबणानें, बोटांच्या बेचक्यांसह, पाऊण मिनिट तरी हात धुवावे.

अंथरुणास खिळलेल्या रोग्याची कूस दर दोन तासांनीं बदलावी. माकडहाड, टाचा, कंबरेचीं हाडें व डोक्याची मागील बाजू रोज पाहावी. जेथें लाली आली आहे तेथें बोटानें दाबून पाहावें; दाब काढतांच ती फिकी न झाली तर जखमेचा आरंभ झाला असें जाणावें. सांवळ्या कातडीवर लाली दिसत नाहीं, म्हणून ती जागा अधिक काळवंडलेली, गरम किंवा कठीण लागते काय हें पाहावें. तेथें चोळूं नये, आणि हवेचें रबरी कडें खालीं घालूं नये. त्यानें भोंवतालचा रक्तप्रवाह दाबला जातो. रोग्यास ओढीत सरकविण्यापेक्षां दोघांनीं चादरीसह उचलून सरकवावें.

भरवितांना रोग्यास ताठ बसवावें, घांस लहान द्यावा, पहिला गिळल्याशिवाय दुसरा देऊं नये, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवें करूं नये. गोळीहि बसवूनच, पुरेशा पाण्याबरोबर द्यावी. अर्धवट शुद्धींत असलेल्या माणसाच्या तोंडांत मायेनें चमचाभर पाणी ओतण्याची आपल्याकडे रीत आहे. तें पाणी पोटांत न जातां फुप्फुसांत जातें, आणि ज्याला तृप्त करावयाचें त्याचाच जीव घाबरा होतो. त्याऐवजीं ओल्या कापसानें ओठ व जीभ पुसावी. तहान तेवढ्यानेंहि शमते. ज्यास गिळतां येत नाहीं त्याच्यासाठीं प्रभुशरीर आणावयाचें असल्यास धर्मगुरूंस तसें अगोदर कळवावें. लहानसा अंशहि देतां येतो.

शेवटीं, सेवा करणाऱ्यांविषयीं दोन शब्द. वर सांगितलेल्या चुका दुष्टपणानें होत नाहींत. बहुतेक थकव्यानें होतात. तीन रात्री जागलेल्या सुनेस चौथ्या रात्रीं पाकिटावरचें नांव वाचवत नाहीं, यांत तिचा दोष नाहीं. तिला शाबासकी देऊन आपलें काम संपत नाहीं. आमची धर्मग्रामाला विनंति आहे, कीं ज्या घरीं दीर्घ आजाराचा रोगी आहे तेथें आळीतील दोन-चार कुटुंबांनीं पाळी लावून आठवड्यांतून दोनदां तरी दोन-दोन तास बसावें, म्हणजे त्या घरच्या बाईस निश्चिंतपणें झोंप घेतां येईल. बसणारानें आधीं वही वाचावी, आणि वहींत नसलेलें कांहींहि आपल्या मतानें देऊं नये. रोग्यास भेटावयास जाणाऱ्यांनीं फळांच्या टोपलीऐवजीं, निदान टोपलीबरोबर, ही दोन तासांची भेट न्यावी.

पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं हा धर्मग्राम उभारला त्यांपैकीं जे आज हयात आहेत, ते बहुतेक आपल्याच घरांत कोणाच्या तरी हातून औषध घेत आहेत. तो हात मायेचा आहे याविषयीं आम्हांस शंका नाहीं. त्या हातानें गोळी देण्यापूर्वीं एक क्षण थांबून नांव वाचावें, शंका आल्यास विचारावें, आणि दिल्यावर लिहून ठेवावें, एवढीच आमची प्रार्थना आहे.